आतोबांना न कळलेलं मत

कोरेगाव तालुक्यात कोण निवडून येणार, हे मतमोजणीच्या आधी कळणारे दोघंच होते. एक परमेश्वर आणि दुसरे आमचे आतोबा. परमेश्वराला हे विचारायला सहसा कुणी जात नसे, कारण तो उत्तर देत नाही. आतोबा न विचारताही देत. निवडणूक लागली की त्यांच्या ओट्यावर सकाळपासून माणसं जमत, त्यांत उमेदवारांचे कार्यकर्तेही तोंड चुकवून येत, आणि आतोबा पानाला चुना लावता लावता अमुक गाव इकडे, तमुक वाडी तिकडे, असा सगळा तालुका वाटून टाकत. चुकायचं ते क्वचित. अशा या आतोबांना, ज्यांना अख्ख्या तालुक्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक असे, एकच मत जन्मभर कळलं नाही. आणि ते मत रोज दोन वेळा त्यांच्या डोळ्यांदेखत चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत असे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कोरेगावपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. जन्म प्राथमिक शाळेत गुरुजी म्हणून गेला, पेन्शन सुरू झाली तेव्हा बासष्टची निवडणूक अजून दोन-तीन वर्षं लांब होती, आणि तो मधला काळ त्यांना फार जड गेला असं आत्या सांगायची. मी तेव्हा सांगलीला एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या नोकरीवर होतो. वर्षातून दोन-चार वेळा त्यांच्याकडे जायचो. सणाला आत्या बोलवायची, निवडणुकीला आतोबा. काळा कोट, पांढरं धोतर, टोपीखाली कानावर खोवलेली पेन्सिल आणि पावसाळा असो नसो, हातात छत्री, असा त्यांचा प्रचारकाळातला पोशाख असे. प्रचार ते कुणाचाच करत नसत. कोण येतं आणि कोण पडतं याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. माणूस मत ठरवतो ते नेमकं कशावरून, एवढं एकच कुतूहल त्यांना होतं, पण ते असं दांडगं होतं की त्यापायी तहानभूक हरपून ते उन्हातान्हात भाषणं ऐकत फिरत. ऐकत म्हणणंही खरं नाही. भाषण ते ऐकतच नसत. सभेच्या पार मागं, बाभळीबिभळीच्या बुंध्याशी छत्री टेकून उभं राहायचं आणि माणसं बसलीत कशावर ते बघायचं, ही त्यांची पद्धत.

आमच्याकडे चपलेला पायताण म्हणतात. सभा मैदानात असते, सतरंजी पहिल्या चार रांगांपुरती, बाकीच्यांची सोय ज्याची त्यानं करायची. आतोबांचा सिद्धांत असा, की जो माणूस पायताण काढून त्यावरच बसतो, त्याचं धोतरही मळत नाही आणि पायताणही जागेवर राहतं. ज्याला एवढ्या गर्दीतही पायताणाची काळजी सुटत नाही, तो भाषणासाठी आलेला नाही. कुणीतरी आणलं म्हणून आलाय आणि कधीही उठून जाईल. याउलट जो पायताण बाजूला सारून थेट मातीवर मांडी ठोकतो, त्याचं मत त्या उमेदवाराला पडलंच म्हणून समजावं. एकावर बसून दुसरं हातात धरणारा अजून ठरवतो आहे. अनवाणी आलेल्याबद्दल मात्र ते काही बोलत नसत. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याचं मन वाचायचं साधन आपल्याकडे नाही. तो खरा मतदार." आतोबा घरात चारचौघांसारखं गावाकडचं बोलत, पण मताचा विषय निघाला की त्यांची भाषा आपोआप शाळेत जाऊन बसे.

बासष्टच्या प्रचारात कोरेगावला एका बड्या उमेदवाराची सभा झाली. जीपगाड्या काय, कर्णे काय, बाहेरगावाहून मालमोटारी भरून आणलेली माणसं काय, मैदानात मुंगीला वाट नव्हती. टाळ्या तर अशा पडत होत्या की वक्त्याला दम खायला उसंत मिळावी. मी भारावून म्हटलं, "आतोबा, हा येणार." आतोबांनी छत्रीच्या टोकानं मला समोरची एकेक रांग दाखवली. हजारांच्या हिशेबात माणूस, आणि जो तो आपापल्या पायताणावर कोंबडीसारखा बसलेला. "हा पडला," ते म्हणाले, आणि भाषण संपायच्या आत घरी निघाले. तो खरोखरच पडला. त्याच आठवड्यात एका लहानशा उमेदवाराची सभा गावच्या देवळापुढं झाली, पन्नासेक माणसं असतील, कर्णाही मधेच बंद पडला, पण सगळी मातीत. तो आला. आता यात योगायोग किती आणि शास्त्र किती हे मी अजूनही सांगू शकत नाही. एवढं खरं, की त्यानंतर सभेला गेलो की माझीही नजर आधी खाली जाते.

सांगली जिल्ह्याला पूर्वी दक्षिण सातारा म्हणत. ते नाव बदललं, पण आतोबांनी तो बदल मनावर घेतला नव्हता. दक्षिण असो की उत्तर, सातारा तो सातारा, म्हणून आपल्याकडच्या सभा आटोपल्या की ते माझ्याकडे मुक्कामाला येत आणि तिकडची पाहणी सुरू करत. एकदा आम्ही कडेगावच्या बाजूला एका सभेला गेलो. आतोबांनी नेहमीप्रमाणे मागं जागा धरली, मैदानावरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला. झाडून सगळी माणसं पायताणावर. एकही मांडी मातीला लागलेली नाही. दुपारी त्याच मैदानात दुसऱ्या उमेदवाराची सभा झालेली, तिथंही म्हणे हीच तऱ्हा होती. आतोबा अतिशय गंभीरपणे मला म्हणाले, "इथून कुणीच निवडून येणार नाही." असं कसं होईल म्हणून मी हसायला लागलो, तसे ते चिडले, पुढं गेले, खाली वाकले आणि जमिनीला हात लावून परत आले. शेजारच्या उसाला सोडलेलं पाणी पाट फुटून मैदानात आलं होतं. "माती ओली आहे," आतोबा म्हणाले, "हा निकाल रद्द." परतीच्या एस. टी.त मात्र त्यांना आपल्या सिद्धांताचीच काळजी लागून राहिली. कोरेगावला कुठल्या सभेला जमीन ओली होती का, हे ते मला सांगलीपर्यंत विचारत होते.

आमच्या छापखान्यात कोरेगावकडचंही काम येई, आणि एकाच दिवशी एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन्ही उमेदवारांची हस्तपत्रकं निघत. मालक शांत स्वभावाचे, जैन शेतकरी घरातले. एकाचे कार्यकर्ते पुढच्या दारानं गेले की दुसऱ्याचे मागच्या दारानं घेत, आणि दोघांनाही चहा पाजत. आतोबांची मला सक्त ताकीद होती, की निघालेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत पोस्टानं त्यांना धाडायची. ती ते लाल पेन्सिलीनं तपासत, वर गुण देत आणि पोस्टानं थेट उमेदवाराला परत करत. दहापैकी साडेतीन. शेरा : मी गरिबाघरचा आहे असं लिहिलं असता फोटोत मनगटी घड्याळ दिसू नये. दहापैकी चार. शेरा : ओढ्यावरचा पूल गेल्या खेपेला तुम्हीच दिला होता, तो आम्ही अजून वापरायला काढलेला नाही. आतोबांच्या गावच्या ओढ्याचं खरंच तसं होतं. दर निवडणुकीला कुणी ना कुणी टेप घेऊन यायचं, इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत माप घ्यायचं, वहीत मांडायचं आणि निघून जायचं. ओढ्याला आता मापाची सवय झालीय, असं आतोबा म्हणत. पाचाच्या वर गुण त्यांनी कुणालाही दिले नाहीत. शाळेतही म्हणे देत नसत. एक पडलेला उमेदवार निकालानंतर मुद्दाम वाट वाकडी करून घरी आला, पितळी लोटाभर पाणी प्याला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी तीन दिलं तवाच मला उमगाय पायजे व्हतं. उगं फिरलो उन्हाचा." आतोबांनी त्याला जेवूनच जायला लावलं.

अशा माणसाची बायको कशी असावी? आमची आत्या कमी बोलायची. कमी म्हणजे किती, तर सकाळी आतोबा ओट्यावर बसून दोन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, ती आत भाकरी थापत ऐके, आणि तासाभराच्या वाचनाला तिच्याकडून "व्हय" आणि "असंल" एवढे दोनच शब्द मिळत. मुंबईत मंत्रिमंडळ बदललं. असंल. चीननं सरहद्द ओलांडली. तेव्हा मात्र भाकरी थापायचा आवाज थांबला, असं आतोबांनी मला सांगितलं होतं. त्यांचं कान देऊन ऐकणं चाले ते त्या थापण्याच्या आवाजाकडे. कुठल्या बातमीला तो वाढतो, कुठल्या बातमीला मंदावतो, कुणाच्या नावाला भाकरी जरा जोरात आपटली, यावरून ते आत्याचं मत ओळखायचा प्रयत्न करत. गावाची आमटी एका वासानं ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ओळखता येईना, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

आणि गंमत अशी, की हे दुखणं त्यांनीच स्वतःच्या हातानं लावून घेतलं होतं. बावन्न साली पहिली निवडणूक आली तेव्हा गावातल्या कुणालाच मतदान कसं करायचं ते माहीत नव्हतं. आतोबांनी शाळेत तालीम घेतली. आत्याचं जुनं लुगडं पडदा म्हणून बांधलं, मागं दोन डबे ठेवले. खऱ्या उमेदवारांची नावं घेतली तर प्रचार केल्याचा आळ यायचा, म्हणून त्यांनी उमेदवार उभे केले भाकरी आणि भात. एका डब्यावर भाकरीचं चित्र, दुसऱ्यावर भाताचं. बायाबापड्यांनी रांगेनं जाऊन चिठ्ठ्या टाकल्या. भाकरी भरघोस मतांनी आली. मागून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, कालवण कुणाकडनं हाय?" सगळी शाळा हसली. ते हसणं ओसरल्यावर आतोबांनी खडू हातात घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मत गुप्त असतं, आणि ते कुणालाही सांगायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हा बायकांच्या पहिल्या रांगेतून एकच प्रश्न आला. आत्यानं विचारला, "नवऱ्यानं इचारलं तर?" आतोबा गुरुजीच्या आवेशात होते. म्हणाले, "नवऱ्यालाही नाही." आत्यानं मान डोलावली. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाय धुता धुता आतोबांनी सहज म्हणून विचारलं, कुणाच्या पेटीत टाकलंस. आत्या म्हणाली, "आवं, तुमीच सांगितलं न्हवं? नवऱ्यालाबी न्हाई." तिथून हे प्रकरण सुरू झालं ते पंधरा वर्षं चाललं.

तालीम पुढंही प्रत्येक निवडणुकीला होत राहिली. बासष्ट साली पेट्यांची पद्धत जाऊन कागदावर शिक्का मारायची आली, म्हणून आतोबांनी बटाटा कापून शिक्का केला, कुंकू कालवून शाई केली आणि भाकरी-भाताचेच कागद काढले. याचा परिणाम खऱ्या मतदानाला दिसला. गावची एक म्हातारी पडद्याआड गेली ती कोरा कागद घेऊन बाहेर आली आणि केंद्रावरच्या साहेबाला म्हणाली, "हितं भाकरी न्हाई. सायकल हाय नि शिडी हाय. गुरुजींनी भाकरीवर मारायला सांगितलंय." दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी ताडकन उठले. ही भाकरी कुणाची, अर्ज कधी भरला, तिला चिन्ह कुणी दिलं, असा एकच गलका झाला. आतोबांना बोलावणं गेलं. त्यांनी साहेबांपुढं हात जोडून सगळी तालीम सांगितली, म्हातारीला समजावलं की आज भाकरी उभी नाही, या दोघांतला एक निवडायचा. म्हातारीनं दोन्ही चित्रं निरखून बघितली, कागदाची तशीच कोरी घडी केली आणि पेटीत टाकली. "भाकरीच न्हाई तर मला कुणी नगं," म्हणाली आणि काठी टेकत घरी गेली. आतोबा पुढं कित्येक दिवस सांगत, की त्या दिवशी गावात खरं मतदान एकट्या म्हातारीनं केलं, बाकीच्यांनी नुसते शिक्के मारले.

त्याच निवडणुकीत आत्याचं मत शोधून काढायचा त्यांनी चंग बांधला. गावात मतं जेमतेम दोनशे. मोजणीत आमच्या केंद्रावर सायकलीला किती आणि शिडीला किती पडली, ते आतोबांनी कोरेगावला दिवसभर उभं राहून लिहून आणलं. आता उरलं एवढंच, की आत्या सोडून गावातल्या प्रत्येकाचं मत विचारायचं आणि एकूण आकड्यांतून वजा करायचं. जे एक उरेल ते आत्याचं. महिनाभर ते घरोघर फिरले. मत गुप्त ठेवायला ज्या गुरुजींनी शिकवलं, त्याच गुरुजींनी विचारल्यावर लोकांनी ते खुशाल सांगून टाकलं. मी त्यांना म्हटलं, "आतोबा, हे बरं नव्हे. तुम्हीच शिकवायचं आणि तुम्हीच विचारायचं." ते जराही न ओशाळता म्हणाले, "मी विचारायला मोकळा, तो न सांगायला मोकळा. सांगतो यात माझा काय दोष?" म्हातारीचा कोरा कागद त्यांनी वेगळा धरला. शेवटी एका रविवारी माझ्यासमोर वजाबाकी पूर्ण झाली. शिडीची सगळी मतं जुळली. सायकलीचं एक उरलं. आतोबांचा चेहरा असा उजळला, की मुलगा मॅट्रिक झाल्यावरही बापाचा उजळत नसेल. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांनी जाहीर केलं, "सायकल." आत्या भाजी चिरत होती. "असंल," ती म्हणाली.

एवढ्यात शेजारचे आण्णा तंबाखू मागायला आले. त्यांना आतोबांनी सगळा हिशेब कौतुकानं दाखवला. आण्णांनी तंबाखू मळून ओठात ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, समद्यांनी खरंच सांगितलं ह्ये कशावरनं?" बस्स. पुऱ्या महिन्याच्या मेहनतीवर पाणी पडलं. एक जरी माणूस खोटं बोलला असेल तर सायकलीचं उरलेलं मत त्याचं, आणि आत्याचं शिडीला गेलेलं असू शकत होतं. आतोबांनी डोळे बारीक करून विचारलं, "आण्णा, तुम्ही खोटं सांगितलंत?" आण्णा म्हणाले, "सांगितलं असंल बी, न्हाई बी. तुमचीच शिकवण हाय." आतोबा पंधरा दिवस आण्णांशी बोलले नाहीत. आत बसलेली आत्या मात्र तोंडाला पदर लावून हसताना मी पाहिली.

त्यानंतरची वर्षं कठीण गेली. धान्य मिळेनासं झालं, रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळू लागली, आणि आत्याच्या त्या देखण्या भाकऱ्यांचा रंग बदलला. आतोबांना छातीचं दुखणं लागलं. सदुसष्टची निवडणूक आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना ओट्याखाली उतरायची बंदी केली होती. कर्णा लावलेली जीप रस्त्यानं गेली की ते खाटेवर उठून बसत, आणि ती लांब गेली की पुन्हा आडवे होत. माणसं ओट्यावर येत, निकाल विचारत, पण आतोबा म्हणत, "मी सभा बघितलेली नाही. न बघता सांगणार नाही." प्रचाराला जेमतेम आठ दिवस झाले असतील. मी शनिवारी गेलो तर घरात आतोबा एकटेच. आत्या कुठं म्हणून विचारलं तर त्यांनी अत्यंत हळू आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय अशा सुरात सांगितलं, "सभेला गेली."

आत्या, जी कधी ओढ्यापलीकडं एकटी गेली नव्हती, ती आतोबांची छत्री घेऊन दोन कोस चालत सभेला गेली होती. दिवस मावळायच्या आत परत आली, पायांवर पाणी घेतलं आणि खाटेशेजारी बसून एकेक सांगू लागली. "फुडं सतरंजीवर बसल्याली सोडा. ती गाडीतनं आणल्याली. आपल्या वाडीची मातीत बसली व्हती. व्हलारवाड्यातली, बौद्धवाड्यातली माणसं बी मातीत. पेठंतली समदी पायताणावर. जमीन म्या हात लावून बघितली, कोरडी हाय." आतोबा पेन्सिल घेऊन लिहीत होते. त्यांनी विचारलं, "भाषण कसं होतं?" आत्या म्हणाली, "बोलला चांगलं. पर मिलोची भाकरी त्यानं खाल्ल्याली दिसत न्हाई." एवढं लांबलचक राजकीय मत तिनं आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. आतोबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्याकडं बघतच राहिले. त्या खेपेला ती सगळ्या उमेदवारांच्या सगळ्या सभांना गेली. आतोबांनी खाटेवरून निकाल सांगितला आणि तो बरोबर आला. ओट्यावरच्या लोकांना त्यांनी निक्षून सांगितलं होतं, की पाहणी माझी नाही, हिची आहे.

मतदानाच्या दिवशी आण्णांनी बैलगाडी जुंपली. शाळा माळावर, चढाची वाट. गाडीत वाकळ अंथरून आतोबांना नेलं, शेजारी आत्या. दोघांची बोटं शाईनं निळी झाली आणि दोघं परत आली. मी त्यानंतर चार दिवसांनी गेलो. आत्या पाण्याला गेली होती. मी मुद्दाम चिडवायला म्हटलं, "काय आतोबा, या वेळी तरी कळलं का आत्याचं मत?" ते हसले. मग मताच्या विषयावर त्यांना एरवी येणारी शाळेतली भाषा त्यांना आलीच नाही. म्हणाले, "इचारलंच न्हाई रं. समद्या गावाला शिकवलं मत सांगू नगा म्हनून. समद्या गावानं सांगितलं. एकटीनं पाळलं. आता मीच इचारून इचारून तिला नापास करू व्हय?" थोड्या वेळानं म्हणाले, "जल्मात कुणाला दहातलं दहा दिलं न्हाईत. तिला दिलं. तिला सांगू नगंस, लय डोक्यावर बसंल." महिन्याभरातच आतोबा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी काही दिवस आत्याकडे राहिलो होतो. ओट्यावर आता कुणी येत नसे. छत्री खुंटीला टांगलेली. एका सकाळी आत्या भाकऱ्या थापत होती, मी शेजारी बसलो होतो, आणि ती आपणहून बोलू लागली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "मतदानादिशी गाडीत बसल्या बसल्या म्या ठरवलं व्हतं. आज इचारलं की सांगायचं. पंधरा वरसं झुलवलं त्यांना, आता पुरं. घरी आलो. त्यांना खाटंवर निजवलं. वाट बघितली. त्यांनी इचारलं, बायकांच्या रांगंत गर्दी व्हती का? म्या म्हटलं, व्हती. आन डोळं मिटलं त्यांनी. म्हटलं, उद्या इचारतील. दुसऱ्या दिशी बी न्हाई. रोज वाट बघितली, लेकरा. माज्याकडनं आपूनहून सांगवना." तिचे हात थांबले होते. तव्यावरची भाकरी करपत होती, ती तिला दिसत नव्हती. "माजं मत माज्यापाशीच ऱ्हायलं. आता कुणाला सांगू? तुला सांगते. तू तरी ऐक."

कबूल करतो, माझं कुतूहल आतोबांपेक्षा तसूभरही कमी नव्हतं. पंधरा वर्षांचं कोडं माझ्यासमोर सुटत होतं आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. पण तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. आतोबा रुसले म्हणून विचारायचे थांबले, किंवा त्यांना आता त्यात गोडी उरली नव्हती, असं काहीतरी ती मनात धरून बसली होती, आणि ते खोटं होतं. "सांगू नगंस" असं त्यांनी बजावलं असूनही मी तिला सगळं सांगितलं. समद्या गावात एकटीनं पाळलं हे सांगितलं. दहापैकी दहा सांगितले.

आत्यानं करपलेली भाकरी उलथण्यानं काढून बाजूला ठेवली. पदरानं डोळे पुसले, मग हळूच हसली, अगदी त्या दिवशी पदराआड हसली होती तशी. परातीतल्या पिठाचा नवा गोळा घेतला आणि थापायला लागली.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "न्हाई सांगत."

मीही विचारलं नाही.